पोल मागितला की द्यायलाच हवा

सभागृहाच्या नियमांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. मी विधानमंडळात प्रतिवेदक होते. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसायचं आणि सदस्य बोलतील ते लघुलिपीत उतरवायचं, हे माझं काम. एका हाताला सत्ताधारी बाक, दुसऱ्या हाताला विरोधी बाक. माणसं या बाकांवरून त्या बाकांवर गेलेली मी पाहिली, आणि नियमपुस्तिकेतली एकच ओळ दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या सुरात वाचलेली ऐकली. माझी उत्तरं त्या टेबलावरून पाहिलेल्या सभागृहाची आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात अभिरूप संसद झाली. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा म्हणून अध्यक्षांनी ठराव संमत केला. डोकी मोजली असती तर आम्ही जिंकलो असतो, पण आमच्या बाजूच्या मुली हळू बोलल्या. खऱ्या सभागृहातही असंच चालतं का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

सुरुवात अशीच होते, पण तुमच्या अध्यक्षांनी पुढची पायरी गाळली. राज्यघटनेचा अनुच्छेद 100 सांगतो की निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. आवाज हा ते बहुमत ओळखण्याचा झटपट मार्ग आहे, आणि तो कोणी हरकत घेत नाही तोवरच पुरतो. लोकसभेचा नियम 367 वाचा. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकतात आणि आपलं मत सांगतात. त्या मताला सदस्याने आव्हान दिलं, की लॉबी मोकळी करण्याचा आदेश निघतो, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रस्ताव दुसऱ्यांदा मताला जातो, आणि पुन्हा आव्हान आलं तर मतविभाजन होतं, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं प्रत्यक्ष मोजली जातात. आमच्याकडे सदस्य याला सरळ ‘पोल’ म्हणतात. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून मोजू शकतात. मग कोणी काय मत दिलं याची नावं नोंदली जात नाहीत, पण मोजणी तरी होते.

17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने 269 आणि विरोधात 270 मतं पडली. हा निकाल आवाजावरून कोणाला ऐकू आला असता?

आपल्या विधानसभेतला प्रसंग आठवा. 12 नोव्हेंबर 2014. भाजपकडे स्वतःचं बहुमत नव्हतं, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचं जाहीर झालं. काँग्रेस आणि शिवसेनेने मतविभाजन मागितलं, ते मिळालं नाही. त्या दिवशी विरोधी पक्षनेता म्हणून नाव जाहीर झालं ते एकनाथ शिंदे यांचं. साडेसात वर्षांनी, 4 जुलै 2022 ला, मुख्यमंत्री म्हणून त्यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला तेव्हा मोजणी झाली : 164 विरुद्ध 99. सरकारचं आयुष्य ठरवणाऱ्या ठरावावर तरी आकडा नोंदला गेलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे संख्या आहे त्याला मोजणीने काही तोटा होत नाही. 2014 ला आकडा नोंदला गेला नाही, म्हणून ‘सरकारकडे बहुमत होतं का’ हा प्रश्न विनाकारण लोंबकळत राहिला.

20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकं अशीच आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांचं म्हणणं, आम्ही मतविभाजन मागितलं होतं. उपसभापतींचं म्हणणं, मागणारे आपल्या जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. सदस्याने आपल्या जागेवरूनच बोलावं हा संकेत जुना आहे आणि योग्यही आहे. पण मागणी झाली आहे हे कळल्यावर सभागृह पाच मिनिटं थांबवून, सगळ्यांना जागेवर बसवून मोजणं पीठासीन व्यक्तीच्या, म्हणजे त्या वेळी अध्यक्षांच्या आसनावर बसलेल्याच्या, हातात असतं. तेवढं केलं असतं तर त्या कायद्यांवरचा एक मोठा आक्षेप तिथेच संपला असता. पुढे 29 नोव्हेंबर 2021 ला ते कायदे मागे घेणारं विधेयक आलं, आणि लोकसभेत तेही चर्चेविना संमत झालं.

पुढच्या अभिरूप संसदेसाठी एक सांगते. सगळ्यांनी वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, धावू नका. निदान दोघींनी जागेवर राहा, आणि अध्यक्षांनी आपलं मत उच्चारताक्षणी, अंतिम घोषणा होण्याआधी, उभं राहून मतविभाजन मागा. हळू आवाजातली मागणीही नियमाला तितकीच चालते.

प्रश्न : सत्ताधाऱ्यांकडे बहुमत असेल तर विधेयक मंजूर होणारच. मग तासन्‌तास चर्चा आणि दुरुस्त्या कशासाठी? जनतेने कौल दिला, त्यांनी काम करावं, विरोधकांनी पाच वर्षं थांबावं.
— निवृत्त शिक्षक, वाई

सर, जनतेने कौल दोघांनाही दिलेला असतो. विरोधी बाकावरचा आमदारही कुठल्या तरी मतदारसंघाने निवडून दिलेला असतो आणि तिथले लोकही कर भरतात.

आचार्य कृपलानींनी ऑगस्ट 1963 मध्ये नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला. तो पडणार हे मांडणाऱ्यालाही माहीत होतं. बाजूने 62 मतं, विरोधात 347. पण चीनच्या युद्धानंतर देशाच्या मनात जे होतं ते पंतप्रधानांच्या तोंडावर बोललं गेलं, आणि पंतप्रधानांनी बसून ऐकून त्याला उत्तर दिलं. प्रस्ताव हरला तरी उत्तर मिळालं. मतांच्या बळावर विरोधकांना फारसं काही मिळवता येत नाही. त्यांच्या हाती असतात ते प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावणारी सूचना), स्थगन प्रस्ताव (ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय घेण्याचा), कपात सूचना (सरकारच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी) आणि समितीतली जागा. ही सगळी नियमपुस्तिकेतली कलमं आहेत. बहुमताचं काम नियम नसले तरी भागतं; अडचण होते ती थोड्यांची.

समित्यांकडे लोकांचं लक्षच जात नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. 1993 पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. एका समितीत 31 सदस्य : लोकसभेचे 21, राज्यसभेचे 10, सगळ्या पक्षांचे. तिथे कॅमेरा नसतो. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी माणसं तिथे एका टेबलाभोवती बसून कलम कलम वाचतात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात. कुठल्या पोटकलमाने कोणाची अडचण होईल हे तिथे बाहेर येतं, आणि सरकारही चार दुरुस्त्या मान अपमान न वाटता स्वीकारतं. पंधराव्या लोकसभेत (2009 ते 2014) 71 टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (2019 ते 2024) 16 टक्के. मला चर्चेच्या गोंधळापेक्षा हा आकडा जास्त अस्वस्थ करतो.

सार्वजनिक खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. पहिले मिनू मसानी, स्वतंत्र पक्षाचे. खर्च करणाऱ्यानेच हिशेब तपासू नये इतका साधा विचार त्यामागे आहे. ही प्रथा कुठल्या न्यायालयाने लादली नव्हती. ज्यांच्याकडे संख्या होती त्यांनीच ती मान्य केली.

आणि दादासाहेब मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, त्याआधी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. डिसेंबर 1954 मध्ये विरोधकांनी त्यांना हटवण्याचा ठराव आणला. नेहरूंनी ठरावावर कडक टीका केली, पण आपल्या सदस्यांना हेही सांगितलं की यावर पक्षादेश (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा हुकूम) नाही, तुम्हाला योग्य वाटेल तसं मत द्या. ठराव पडला. पण त्यावर चर्चा झाली, आणि ती मावळंकरांनी नाही तर उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झाली. आज अध्यक्षांवर अविश्वास दाखवला की वैयक्तिक अपमान समजला जातो, तेव्हा मला ते अधिवेशन आठवावंसं वाटतं.

प्रश्न : 2023 मध्ये मणिपूरवर चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची यावरून राज्यसभेत दिवसचे दिवस वाया गेले. सरकार चर्चेला तयार होतं, विरोधकही तयार होते. माणसं मरत असताना नियमाच्या क्रमांकावरून भांडणं शोभतं का?
— एक वकील, रत्नागिरी

तुम्ही वकील आहात, तेव्हा दावा कोणत्या कलमाखाली दाखल केला यावर निकाल फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

राज्यसभेचा नियम 176 म्हणजे अल्पकालीन चर्चा. फार तर अडीच तास, शेवटी मंत्र्यांचं उत्तर, मतदान नाही. नियम 267 म्हणजे दिवसाचं ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून आधी हा विषय. सरकारने 176 देऊ केला, विरोधकांनी 267 धरून ठेवला. 267 ची परवानगी सभापतींच्या हाती असते, आणि अलीकडच्या काळात ती फार क्वचित मिळाली आहे. 2016 मध्ये नोटाबंदीवर मिळाली होती. एका बाजूला ‘आजच्या सगळ्या कामाहून हे मोठं आहे’ असं सभागृहाने मान्य करणं, दुसऱ्या बाजूला कार्यक्रमपत्रिकेत अडीच तासांची एक नोंद. यातला फरक खरा होता.

बाजू उलट्या असतानाही हेच झालं होतं. 2012 मध्ये किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीला मनमोहन सिंग सरकारने परवानगी दिली, तेव्हा लोकसभेत नियम 193 की नियम 184 यावर हिवाळी अधिवेशनाचे पहिले दिवस गेले. 193 मध्ये मतदान नाही, 184 मध्ये आहे. तेव्हा मतदान मागणारा भाजप होता आणि टाळू पाहणारी काँग्रेस. अखेर सरकारने 184 मान्य केला, 5 डिसेंबरला मतदान झालं आणि सरकार 253 विरुद्ध 218 ने जिंकलं. मान्य केल्याने सरकारचं काही बिघडलं नाही.

मणिपूरच्या बाबतीत विरोधकांनी शेवटी जे केलं ते मला सुरुवातीलाच करायला हवं होतं असं वाटतं. लोकसभेत नियम 198 आहे. अविश्वास प्रस्तावासाठी 50 सदस्य उभे राहिले की अध्यक्षांना प्रस्ताव दाखल करून घ्यावाच लागतो. तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, बहुमताच्या संमतीचाही नाही. 26 जुलैला तो दाखल झाला, 8 ते 10 ऑगस्ट चर्चा झाली, पंतप्रधान सभागृहात येऊन बोलले. त्यांचं उत्तर चालू असताना विरोधकांनी सभात्याग केला आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. नियमपुस्तिकेत काही दरवाजे पीठासीन व्यक्तीने उघडायचे असतात, काही ठरावीक संख्येने सदस्य उभे राहिले की आपोआप उघडतात. अल्पसंख्य बाजूने आधी दुसऱ्या प्रकारचे शोधावेत. आणि एकदा दरवाजा उघडला की शेवटचं उत्तर ऐकायला थांबावं, मतदानालाही थांबावं. तो सभात्याग मला पटला नाही.

प्रश्न : फलक नाचवणाऱ्या, कागद फाडणाऱ्या सदस्यांना निलंबित केलं तर काय चुकलं? सभागृह आमच्या करावर चालतं.
— दुकानदार, अकोला

निलंबनाचा अधिकार हवाच. प्रश्न मुदतीचा आहे. आपल्या विधानसभेच्या नियम 53 ची रचना टप्प्याटप्प्याने आहे. अध्यक्ष आधी बैठकीच्या उरलेल्या वेळेसाठी बाहेर पाठवतात, पुन्हा तसंच वागलं तर अधिवेशनाच्या उरलेल्या काळासाठी. हेतू एवढाच की सभागृहाचं काम पुढे जावं.

पण आपल्याकडे ठराव आणून, बहुमताच्या जोरावर, वर्षावर्षांसाठी निलंबन करण्याची सवय लागली. 2009 मध्ये शपथविधीच्या वेळी झालेल्या मारहाणीवरून मनसेचे 4 आमदार चार वर्षांसाठी. 2014 मध्ये राज्यपालांच्या आगमनावेळी झालेल्या धक्काबुक्कीवरून काँग्रेसचे 5 दोन वर्षांसाठी. 2017 मध्ये कर्जमाफीच्या मागणीवेळी विरोधकांचे 19, डिसेंबरअखेरपर्यंत. 5 जुलै 2021 ला भाजपचे 12, एका वर्षासाठी. सत्तेवर पहिल्या वेळी काँग्रेस-राष्ट्रवादी होती, मधल्या दोन्ही वेळी भाजपचे मुख्यमंत्री होते, शेवटी महाविकास आघाडी. यातला एकही पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. यातली काही निलंबनं मुदतीआधी मागे घेतली गेली, हेही सांगायला हवं.

28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या 12 जणांचं निलंबन अधिवेशनापुरतं ठीक, त्यापुढे घटनाबाह्य ठरवलं. सभागृहाच्या कार्यपद्धतीतल्या त्रुटींवर न्यायालयाने बोट ठेवू नये असं अनुच्छेद 212 सांगतो, तरीही न्यायालयाला पाऊल टाकावं लागलं. कारण फार महत्त्वाचं होतं. सदस्याची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक होते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिकामी होत नाही आणि मतदारसंघाला कोणी बोलणाराही राहत नाही. शिक्षा आमदाराला सांगितली, भोगली मतदारांनी.

आता संसद. मार्च 1989 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येवरील ठक्कर आयोगाच्या अहवालावरून एका दिवसात लोकसभेचे 63 सदस्य निलंबित झाले होते. डिसेंबर 2023 मध्ये संसदेतल्या सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांचं निवेदन मागणारे दोन्ही सभागृहांचे मिळून 146 सदस्य निलंबित झाले. विरोधी बाक बरेचसे रिकामे असताना दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा या तिन्ही कायद्यांची जागा घेणारी विधेयकं त्याच अधिवेशनात संमत झाली. घराघरात पोचणारे कायदे ते.

विरोधकांनाही एक सांगायचं आहे. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडतो तेव्हा सर्वात मोठं नुकसान त्यांचंच होतं. त्या तासात मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, पुरवणी प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. तहकुबी झाली की मंत्री सुटतो. गोंधळात विधेयकं अडत नाहीत, फक्त चर्चेविना संमत होतात. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लावून घ्यायला सदस्यांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी घेतलेली मेहनत मला माहीत आहे. तो प्रश्न पुकारलाच जात नाही तेव्हा फार वाईट वाटायचं.

प्रश्न : 2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेता का नेमला गेला नाही? दहा टक्क्यांचा कायदा आहे ना?
— गृहिणी, नागपूर

दहा टक्क्यांची प्रथा आहे, आणि तिचा उगम मावळंकरांच्या काळातल्या निर्देशांत आहे. 288 च्या सभागृहात दहावा हिस्सा म्हणजे 29. विरोधकांत सर्वात मोठा गट उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा, 20 जागांचा. लोकसभेतही 2014 मध्ये काँग्रेस 44 वर आणि 2019 मध्ये 52 वर अडली, म्हणून दहा वर्षं ते पद रिकामं राहिलं. पण संसदेचा 1977 चा कायदा काढून पाहा. त्यात विरोधातला सर्वाधिक संख्येचा पक्ष, आणि अध्यक्षांनी दिलेली मान्यता, एवढंच आहे. टक्केवारी नाही. कायदा झाला तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण होते. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी भाजपच्या फक्त 3 जागा होत्या, तरी तिथल्या अध्यक्षांनी भाजपच्या नेत्याला मान्यता दिली. म्हणजे अध्यक्षांची इच्छा असेल तर अडचण नसते.

हे पद मानाचं म्हणून हवं असं नाही. माहिती आयुक्त, सीबीआयचे संचालक, लोकपाल यांच्या निवड समित्यांत विरोधी बाजूचा माणूस बसतो. काही कायद्यांनी, उदाहरणार्थ माहिती अधिकाराच्या कायद्याने, मान्यताप्राप्त नेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला घ्या असं लिहून ठेवलं आहे. तीच समजूत सभागृहातही दाखवावी. आणखी एक रिकामी खुर्ची मला खुपते. लोकसभेचा उपाध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडावा असं अनुच्छेद 93 म्हणतो. सतराव्या लोकसभेने पाच वर्षं पूर्ण केली, उपाध्यक्ष निवडलाच नाही.

प्रश्न : आमच्या खासदारांनी मांडलेल्या खासगी विधेयकाचं पुढे काय होतं?
— शेतकरी, परभणी

मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं ते खासगी विधेयक. बहुतेकांचं काही होत नाही. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास या कामाला असतात. स्वातंत्र्यानंतर संसदेने अशी 14 विधेयकं संमत केली, शेवटचं 1970 मध्ये. तरी मांडण्यात अर्थ आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांवरचं तिरुची शिवा यांचं विधेयक 2015 मध्ये राज्यसभेने संमत केलं. ते लोकसभेत पुढे गेलं नाही, पण सरकारला या विषयावर स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि 2019 मध्ये कायदा झाला.

प्रश्न : अध्यक्ष ‘हे कामकाजातून काढून टाका’ म्हणतात तेव्हा नक्की काय होतं? टीव्हीवर तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं.
— पत्रकारितेचा विद्यार्थी, जळगाव

आम्ही उतरवलेलं आमच्या वहीत राहतं, छापील कार्यवृत्तात येत नाही. लोकसभेच्या नियम 380 नुसार बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द अध्यक्ष वगळू शकतात. वगळलेल्या जागी तारे येतात आणि खाली अध्यक्षांच्या आदेशाची टीप. परवानगीशिवाय बोललेलं नोंदवू नये असा आदेश असेल तर तेही जातं. लोकसभेच्या हिंदी कार्यवृत्तात तुम्हाला जागोजागी कंसात ‘व्यवधान’ दिसेल.

शिवी वगळणं आणि आरोप वगळणं यांत मात्र अंतर ठेवायला हवं. फेब्रुवारी 2023 मध्ये राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या चर्चेत राहुल गांधी आणि मल्लिकार्जुन खर्गे यांच्या भाषणांतले भाग वगळले गेले, तेव्हा वाद याच अंतरावर होता. मंत्र्याला आरोप खोटा वाटला तर उभं राहून तो खोडून काढता येतो, आणि तो खुलासाही कार्यवृत्तात कायम राहतो. अनुच्छेद 105 ने सदस्याला सभागृहात बोललेल्या शब्दांसाठी न्यायालयापासून संरक्षण दिलं आहे, आणि ते थोड्यांच्याच सर्वात जास्त उपयोगी पडतं.

बातमी लिहिताना वगळलेला भाग उद्धृत करू नका, त्यावरून हक्कभंगाची नोटीस येऊ शकते. टीव्हीवरच्या तुकड्यावर न थांबता संसदेच्या संकेतस्थळावर त्या तारखेची पूर्ण चर्चा काढून वाचा, आणि मतविभाजन झालं असेल तर नावांची यादीही पाहा. तुमच्या जिल्ह्याचा खासदार कोणत्या बाजूला होता हे तिथे कळेल.